बाळ हाकेला वळत नाही तेव्हा



गेल्या अंकात या पानावर काजूच्या नव्या पालवीवर पडणाऱ्या ढेकण्याविषयी लिहिले होते. या वेळी शेतीचा भाग बाजूला ठेवून सगळी जागा तान्ह्या मुलांना देत आहोत. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, त्याची पहिली चिन्हे बाळपणीच कशी ओळखावीत आणि ओळखल्यावर घरच्या घरी काय करता येते, हा आजचा विषय आहे.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' असा शब्द रूढ झाला आहे. मला तो फारसा पटत नाही. मूल आपल्याच तोऱ्यात बसले आहे, त्याला आपण नको आहोत, असा अर्थ त्यातून निघतो. वस्तुस्थिती तशी नाही. माणसांकडे जाण्याची वाट या मुलाला इतरांसारखी सहज सापडत नाही, एवढेच.

हा काही परदेशातला किंवा शहरातला आजार आहे, असा समज असेल तर तो काढून टाकावा. २०१८ साली भारतातील मुलांच्या मेंदूविकासाच्या अडचणींची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यासाठी देशातील पाच ठिकाणे निवडली होती: हरयाणातील पलवल, हिमाचलातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, तेलंगणातील हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुले तपासली गेली आणि शंभरात साधारण एक मूल ऑटिझमचे आढळले. आपल्या डिचोली तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या शाळेची पटसंख्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे प्रमाण किती आहे ते कळेल.

तान्ह्या बाळाला जन्मापासूनच माणसाच्या चेहऱ्याची ओढ असते. ते डोळ्यांत पाहते, 'अं' करते आणि थांबते. आई 'काय गं बाय?' म्हणते. बाळ पुन्हा 'अं' करते. तेल लावताना, न्हाऊ घालताना, मांडीवर घेऊन भिरंडे फोडताना ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा होते, आणि पुढची बोली तिच्यातूनच उगवते. बोलणे ही जिभेची गोष्ट आहे असे आपण समजतो, पण तिची सुरुवात नजरेपासून होते. ज्या बाळाला ऑटिझमचा धोका असतो, त्याच्याकडून येणारा वाटा क्षीण असतो. ते पाहते, पण क्षणभर. आवाज काढते, पण कोणाला उद्देशून नव्हे. आईला नकळत प्रतिसाद कमी मिळतो, मग तीही कमी बोलू लागते, किंवा उलट घाबरून हाकांचा आणि प्रश्नांचा भडिमार करते. दोन्ही प्रकारांत देवाणघेवाण आणखी आटते. मूळची अडचण मेंदूच्या घडणीत असते, परंतु तिच्यावर ही दुसरी अडचण येऊन बसते, आणि ही दुसरी अडचण हलवता येते. लवकर मदत करण्यामागचे सगळे शास्त्र एवढ्यावर उभे आहे.

अमेरिकेत अटलांटा येथे वॉरेन जोन्स आणि अमी क्लिन या संशोधकांनी २०१३ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. पुढे ज्यांना ऑटिझम ठरला ती बाळे दोन महिन्यांची असताना माणसाच्या डोळ्यांकडे इतर बाळांइतकेच पाहत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते पाहणे हळूहळू कमी होत गेले. हा फरक यंत्राने मोजलेला आहे, आईच्या डोळ्यांना तो दिसणार नाही, म्हणून चार महिन्यांच्या बाळाची नजर मोजत बसू नये. पण ती ओढ मुळात नव्हतीच असे नाही, एवढे त्यातून कळते.

काय पाहावे?

सहा महिन्यांपर्यंत बाळाने माणसाकडे पाहून मोकळेपणी हसावे. नऊ महिन्यांच्या सुमारास आपण आवाज काढला की त्याने आवाज काढावा, आपण हसलो की हसावे, तोंड लपवून 'कुक' केले की पुढच्या 'कुक'ची वाट पाहावी. वर्षाचे होईपर्यंत नावाने हाक मारल्यावर वळून पाहावे, 'बाबा-दादा' अशी बडबड करावी, हात हलवून टाटा करावा, उचलून घ्या म्हणून हात पुढे करावेत.

वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान एक चिन्ह मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे बोट दाखवणे. यातही फरक आहे. बिस्किटाच्या डब्याकडे बोट दाखवणे म्हणजे मागणे. कौलावर बसलेल्या कावळ्याकडे बोट दाखवून मग आईच्या तोंडाकडे पाहणे म्हणजे 'तू पण बघ' असे सांगणे. आपण चांदोमामा दाखवतो तेव्हा मूल आपल्या बोटाच्या दिशेने वर पाहते का, आणि स्वतःला काही आवडले तर आपल्याला दाखवते का, हे पाहावे. दीड वर्षानंतरही मूल बोट दाखवत नसेल, आपला हात धरून नुसता वस्तूवर नेऊन ठेवत असेल, तर डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, हीही तशीच चिन्हे. आणि एक गोष्ट कोणत्याही वयात: जे बोलत होते, हसत होते, टाटा करत होते ते मूल अचानक किंवा हळूहळू ते विसरू लागले, तर आठवडाभरसुद्धा थांबू नये.

यांतले एखादे चिन्ह दिसले म्हणजे ऑटिझम आहे असे नव्हे. वर्षाच्या आतल्या बाळाला सहसा कोणी तसे नाव देत नाही. साधारण दोन वर्षांच्या सुमारास जाणकार डॉक्टर खात्रीने सांगू शकतात. त्याआधी असतो तो धोका, म्हणजे शक्यता. काही मुले उशिरा बोलणारीच असतात आणि पुढे चांगली बोलतात. काहींना ऐकूच कमी येते. म्हणून हाकेला न वळणाऱ्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी कानांची झाली पाहिजे. ताटली वाजवल्यावर दचकले म्हणजे ऐकू येते, ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही. माणसाचा बोलण्याचा आवाज वेगळा असतो.

ज्या घरात थोरल्या मुलाला ऑटिझम आहे, तिथे धाकट्याकडे अधिक लक्ष द्यावे. अशा धाकट्या भावंडांपैकी पाचांत सुमारे एकाला तो आढळतो. फार अपुऱ्या दिवसांच्या आणि फार कमी वजनाच्या बाळांनाही धोका जास्त असतो. मुलग्यांत ऑटिझम मुलींपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, पण मुलींचा पुष्कळदा लक्षातच येत नाही. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते.

घरभेटीला गेल्यावर माझ्या कानांवर एक वाक्य फार वेळा पडते: 'फादर, त्याचा बाप पण चार वर्षांनी बोलला.' असेल. परंतु बापाच्या आठवणीवर मुलाची दोन वर्षे घालवू नयेत. तरव्यातले रोप पिवळे दिसले तर आपण लावणीपर्यंत वाट पाहत नाही, तेव्हाच वाफ्यात वाकून बघतो. ही पिकाची उपमा मी इथेच थांबवतो, कारण मूल म्हणजे रोगट रोप नव्हे आणि ऑटिझम ही उपटून टाकायची कीडही नव्हे.

दोष कोणाचा?

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून या स्थितीला ऑटिझमचे नाव दिले. त्यानंतरची वीसेक वर्षे वैद्यकशास्त्रातल्याच थोर मंडळींनी आयांवर मोठा अन्याय केला. आई थंड आहे, तिने माया केली नाही, म्हणून मूल असे झाले, असे सांगितले गेले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, याविरुद्ध पुस्तक लिहिले. १९७७ साली लंडनच्या सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, आणि हे मुख्यतः जन्मजात घडणीतून येते हे पुढे आले. शास्त्राने आपले म्हणणे सुधारले. आपल्या वाड्यांवर मात्र सून अजून ऐकून घेते: ग्रहण पाळले नाहीस, पोटुशी असताना रानातून आलीस, बाळाला दिष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढणाऱ्या आजीशी मी भांडत नाही, पण दिष्ट काढून झाल्यावर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, एवढे सांगतो. घाडीकडे मात्र जाऊ नये. तिथे पैसे तर जातातच, आणि त्याहून वाईट म्हणजे महिने जातात.

हे कोणाच्या पापाचे फळ आहे का, असेही विचारले जाते. योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल नेमका हाच प्रश्न केला होता. प्रभूने त्या माणसालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईबापांनाही नाही. तो अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचावा, विशेषतः सासूने.

लसीचा दोष आहे ही अफवाही फोनवरून फिरत असते. १९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टराने गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा लेख लिहिला. तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्यांत ऑटिझम अधिक आढळला नाही. गैरसमज का होतो हे समजण्यासारखे आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत देतात, आणि नेमक्या त्याच वयात ही चिन्हे दिसू लागतात. तेव्हा लस चुकवू नये. उलट त्या दोन्ही दिवशी बाळाला दुखापत नसतानाही डॉक्टर समोर असतात, त्याचा फायदा घ्यावा आणि मनात शंका असेल तर तिथेच विचारावी.

गोव्यात झालेला प्रयोग

आपल्याकडे या मुलांसाठी तज्ज्ञ थोडे आणि मुले पुष्कळ, ही अडचण खरी आहे. त्यावर एक उत्तर गोव्यातच शोधले गेले. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गावपातळीवर मानसिक आरोग्याचे काम करते. तिने इंग्लंडमधील मँचेस्टरच्या प्राध्यापक जोनाथन ग्रीन यांची पद्धत इथल्या घरांना मानवेल अशी बदलून घेतली. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर तिची परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मदत करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. ते पंधरा दिवसांतून एकदा घरी जात, अशा बारा भेटी सहा महिन्यांत होत.

कार्यकर्ता मुलाला शिकवत नसे. आई आणि मूल खेळत असताना तो थोडा वेळ चित्रीकरण करी आणि मग आईला ते दाखवी: 'इथे बघा, तुम्ही थांबलात आणि त्याने तुमच्याकडे पाहिले.' आपल्या मुलाचा इतका बारीक प्रतिसाद आईला रोजच्या धावपळीत दिसत नाही, पडद्यावर दिसतो. सहा महिन्यांनंतर आया मुलांच्या कलाने वागू लागल्या होत्या, आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली होती. सगळे मनासारखे झाले असे मात्र नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ या गटात उलट कमी भरला. इंग्लंडमध्ये हीच पद्धत वापरलेल्या मुलांना सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीव्र लक्षणे शंभरात ४६ जणांत होती. ही मदत न मिळालेल्यांत ६३ जणांत.

याहून लहान बाळांची गोष्ट ऑस्ट्रेलियातील आहे. पर्थ आणि मेलबर्न येथे नऊ ते चौदा महिन्यांची, सुरुवातीची चिन्हे दाखवणारी १०३ बाळे घेतली. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या पालकांना पाच महिन्यांत दहा भेटी देऊन असेच चित्रीकरणाच्या साह्याने शिकवले. तीन वर्षांच्या वयात तपासले तेव्हा शिकवलेल्या गटात शंभरात सुमारे सात मुलांना ऑटिझम ठरला आणि दुसऱ्या गटात सुमारे वीस मुलांना. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. एकाच, लहानशा प्रयोगावरून 'ऑटिझम टळतो' असे म्हणणे घाईचे होईल, आणि ज्यांना नाव लागले नाही त्यांच्याही काही अडचणी उरल्याच होत्या. पण डॉक्टरांनी नाव देईपर्यंत हात बांधून बसण्याची गरज नाही, असे मानायला मला एवढे पुरेसे वाटते. या मदतीला औषध लागत नाही, सुई लागत नाही, आणि शंका खोटी ठरली तरी बाळाचे काहीच बिघडत नाही.

घरी काय करावे?

बाळाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. जमिनीवर बसायची आपल्याला सवय आहेच. ते कशाकडे पाहते आहे ते आधी बघावे आणि त्यात आपण सामील व्हावे. समजा, मूल करवंटी गरगर फिरवत बसले आहे. आपण काय करतो? करवंटी हिसकावून बाहुली हातात देतो आणि 'बोल, आई बोल' म्हणून मागे लागतो. त्याऐवजी दुसरी करवंटी घेऊन समोर बसावे. ते फिरवते, आपणही फिरवावी. मग आपली हातात धरून थांबावे आणि मनात दहापर्यंत मोजावे. हे थांबणेच सर्वांत कठीण असते. त्या दहा अंकांत मुलाने नुसती नजर वर केली, तर ती त्याची पाळी झाली. लगेच हसून 'फिरली!' म्हणावे आणि फिरवावी. त्याने काढलेला आवाज तसाच परत द्यावा. एक-दोन शब्दांची वाक्ये वापरावीत. 'हे काय? ते काय? रंग कोणता?' अशी परीक्षा घेऊ नये.

वेगळा वेळ काढायचा म्हटले तर शेतकऱ्याच्या घरात तो निघत नाही. म्हणून तेल-न्हाणे, भरवणे, कपडे घालणे यांतच दहा-दहा मिनिटे धरावीत. लावणीच्या दिवसांत आई चिखलात असते आणि बाळ आजीजवळ असते, तेव्हा हे सर्व आजीला आणि बापालाही यायला हवे. बाळ गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल देऊ नये. मोबाईलने ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही, पण मोबाईल कोणाच्या नजरेची वाट पाहत नाही, आणि या बाळाला तर तेवढीच सवय लागायला हवी असते.

घरात कोंकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, यामुळे मूल गोंधळले, आता फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला काही पालकांना मिळालेला मी ऐकला आहे. तो मानू नये. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. ज्या भाषेत आईला लाड करता येतात, तीच भाषा बाळाशी बोलावी.

आणखी एक सावधगिरी. मूळपेशी टोचून, रक्तातले धातू काढून, प्राणवायूच्या बंद खोलीत बसवून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांच्या जाहिराती येतात. यांना आधार नाही, काहींत जिवाला धोकाही आहे. त्यासाठी भाट गहाण टाकू नये.

कुठे जावे?

प्रथम साखळीच्या आरोग्य केंद्रात. तेथून म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातील किंवा बांबोळीच्या गोमेकॉतील बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत ऑटिझम आहे, म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. बालविकासाचे काम करणारी 'सेतू' ही संस्थाही गोव्यात आहे. निदान झाले तर प्रमाणपत्र अवश्य करून घ्यावे. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते, २०१६ च्या कायद्यात ते आहे, आणि सवलती त्या कागदावर मिळतात. प्रमाणपत्र घेतले म्हणून मुलावर शिक्का बसतो, असे मानून पुष्कळ घरे मागे राहतात.

तपासणीच्या खोलीत मूल रडते किंवा झोपी जाते आणि डॉक्टरांना काही दिसत नाही. म्हणून आधी घरी, मूल स्वस्थ खेळत असताना, फोनवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे: एकदा नावाने हाक मारताना, एकदा आईबरोबर खेळताना. बाळ कधी हसले, कधी बसले, कधी पहिला शब्द बोलले ते कागदावर लिहून न्यावे. लिहिण्यास अडचण असेल तर रविवारच्या मिस्सानंतर माझ्याकडे यावे, आपण मिळून लिहू. लसीचे कार्ड, जन्माच्या वेळचे इस्पितळाचे कागद आणि कानांची तपासणी झाली असेल तर तो कागद, हे सर्व एका पिशवीत घालून न्यावे.